पाहुणे उपदेशक बोलून जातात, प्रश्न मात्र मंडळीकडेच राहतो

नोव्हेंबरचा दुसरा रविवार देशातल्या अनेक चर्चमध्ये ‘दलित मुक्ती रविवार’ म्हणून पाळला जातो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही तो पाळतात. त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी बाहेरून उपदेशक बोलावतात. कुणी धर्मशास्त्राचे प्राध्यापक असतात, कुणी वकील, कुणी कार्यकर्त्या. विषय ठरलेला असतो, ख्रिस्ती विश्वास आणि न्याय. उपासना संपते, चहापान होते, पाहुणे गाडी पकडतात. प्रश्न आहे तो सोमवारनंतर काय होतं याचा.

पाहुण्याला बोलावण्यात अर्थ नाही असं नव्हे. स्थानिक पाळकाला वर्षभर याच लोकांत राहायचं असतं. मंडळीतल्या वजनदार घराण्याला न आवडणारं बोललं की बदलीची चर्चा सुरू होते. पाहुण्याला ती भीती नसते. म्हणून जात, जमीन, बायकांचा अधिकार हे विषय बरेचदा पाहुण्याच्या तोंडूनच पहिल्यांदा कानावर पडतात.

याचं जुनं उदाहरण सोलापूरचं आहे. 1 जानेवारी 1938 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथल्या ख्रिस्ती समाजापुढे बोलले. 1935 मध्ये येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली होती, त्यामुळे ते काय बोलतात याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. मिशनऱ्यांच्या आधारामुळे तुम्ही राजकारणाकडे पाठ फिरवलीत आणि समाज म्हणून अन्यायाविरुद्ध लढला नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. हा पाहुणा ख्रिस्ती नव्हता, तरी त्याने विचारलेला प्रश्न चर्चच्या अगदी आतला होता.

आज तोच प्रश्न कायद्याच्या रूपात उभा आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून बाहेरच आहेत. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये ही अट काढण्याची शिफारस केली, ती अमलात आली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने न्या. के. जी. बालकृष्णन आयोग नेमला आणि पुढे त्याची मुदत वाढवली.

याचा फटका फक्त नोकरी-शिक्षणात बसतो असं नाही. 2025 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयापुढे एका पाळकाचं प्रकरण आलं. जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण झाल्याची त्याची तक्रार होती. तो ख्रिस्ती झालेला असल्याने त्याला अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घेता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. शिवी देणाऱ्याने जात पाहिली, कायद्याने धर्म पाहिला.

राज्यांच्या याद्या बघितल्या की गंमत कळते. गोव्यात इतर मागासवर्गीयांच्या यादीत ‘ख्रिश्चन महार’ अशी नोंद आहे. तेलंगण आणि आंध्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांसाठी मागासवर्गात वेगळा ‘क’ गट असून त्याला 1 टक्का आरक्षण आहे. म्हणजे धर्म बदलला तरी जात उरते, हे सरकारी कागदच मान्य करतात. मात्र त्या मान्यतेतून काय मिळणार, हे राज्याची हद्द ठरवते. सोयरिकी हद्दीपलीकडे असलेल्या सीमाभागातल्या कुटुंबांना हे वेगळं सांगायला नको.

मात्र बाहेरच्या वक्त्याने सगळा दोष दिल्लीवर टाकला की मंडळीला बरंही वाटतं, सुटल्यासारखंही वाटतं. खरी अडचण पुढे आहे. कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा चर्चमध्येही भेदभाव चालतो हे स्वतः कबूल केलं. 2022 मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. त्या पदावर पोचलेले ते पहिले दलित. ही आनंदाची गोष्ट, पण तिथवर यायला किती काळ लागला हेही त्यातच दिसतं. सोयरीक जुळवताना जात विचारली जाते का, संस्थेच्या शाळेत नोकरी कुणाला मिळते, समितीवर वर्षानुवर्षे तीच घराणी का, याची उत्तरं दिल्लीहून येणार नाहीत.

बोलवायचं कुणाला, यालाही मर्यादा आहेत. कॅथलिक नियमांत मिस्सेतलं प्रवचन धर्मगुरू किंवा डीकननेच करायचं असतं, त्यामुळे तिथे सामान्य स्त्री-पुरुषांना मिस्सेबाहेरच्या सभेत बोलवावं लागतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांना तुलनेने मोकळीक आहे. चर्च ऑफ साऊथ इंडियाने 2013 मध्ये ई. पुष्पा ललिता यांच्या रूपाने पहिली महिला बिशप नेमली. तरी पाहुण्यांच्या यादीत बायका किती आणि दलित किती, हे मोजून बघायला हरकत नाही.

‘चर्चमध्ये राजकारण नको’ हा आक्षेप नेहमी येतो. पक्षाचा प्रचार नको, हे बरोबरच. पण जातीचा दाखला, तक्रार नोंदवायचा हक्क आणि दफनभूमीची जागा हे प्रश्न मंडळीतल्या माणसांच्या रोजच्या जगण्याचे आहेत. ते वगळून न्यायावर उपदेश करायचा, तर बोलायला उरतं तरी काय?

म्हणून पाहुण्याला परतीचं तिकीट देताना मंडळीने दोन गोष्टी कराव्यात. उपदेशानंतर तासभर प्रश्नोत्तरं ठेवावीत आणि त्यात निघालेल्या मुद्द्यांपैकी एक तरी पुढच्या समिती बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. पुढच्या नोव्हेंबरात नवा पाहुणा आला की त्याच्या उपदेशाआधी त्या मुद्द्याचं काय झालं, हे मंडळीपुढे वाचून दाखवावं.