गाणे कुणाचे, खाते कुणाचे?

घरातले मूल बऱ्यापैकी गाऊ लागले की पूर्वी त्याला गणेशोत्सवाच्या मंडपात उभे करीत. आता त्याचे गाणे यूट्यूबवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकतात. व्यासपीठ मोठे झाले, श्रोते सातासमुद्रापलीकडे गेले, हे चांगलेच झाले. पण मंडपात गाण्यापूर्वी कुणी कागदावर सही घेत नसे. इथे घेतात. ‘मला मान्य आहे’ या चौकटीवर बोट टेकवले की करार झाला.

बँकेतल्या नोकरीत कर्जाच्या कागदांवर सह्या घेण्याचे काम मी वर्षानुवर्षे केले. समोर बसलेला माणूस शिकलेला असो वा अडाणी, त्याचा प्रश्न बहुधा एकच असे: ‘साहेब, सही कुठे करू?’ ‘सही कशावर करतोय?’ असे विचारणारा विरळाच. गाणी टाकणाऱ्यांचेही तसेच आहे.

हा प्रश्न विचारणारा एक कलावंत 2006 साली इंग्लंडमध्ये निघाला. त्या काळी मायस्पेस हे संकेतस्थळ जगभरच्या नवोदित गायक-वादकांचा अड्डा होते. आदल्याच वर्षी रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने ते 58 कोटी डॉलर मोजून घेतले होते. बिली ब्रॅग या गीतकार-गायकाने तिथल्या अटी बारकाईने वाचल्या आणि आपली गाणी काढून घेतली. अटींची भाषा इतकी मोघम होती की एकदा चढवलेले गाणे कंपनीने कसेही वापरावे, असा अर्थ त्यातून निघत होता. ब्रॅग यांनी गाजावाजा केला आणि थोड्याच दिवसांत कंपनीने अटी बदलल्या. गाण्याची मालकी कलावंताचीच, असे त्यात स्पष्ट आले.

आज बहुतेक मोठी संकेतस्थळे हे वाक्य लिहितात. पण त्याच्या पुढचे वाक्यही वाचायला हवे. मालकी तुमची, मात्र ते गाणे वापरण्याचा जगभर चालणारा, विनामूल्य, दुसऱ्याला सोपवता येणारा परवाना तुम्ही आम्हाला देत आहात, असे ते वाक्य सांगते. घर तुमच्या नावावर, पण किल्ल्यांचा एक जुडगा त्यांच्याकडे. न्यायाने बोलायचे तर असा परवाना असल्याशिवाय संकेतस्थळ चालणारच नाही. एका संगणकावरून दुसऱ्यावर गाणे पोहोचवायचे तर त्याची प्रत करावीच लागते. खटकते ते उत्पन्नाचे. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला किमान 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तासांचे प्रेक्षण, किंवा छोट्या चित्रफितींसाठी 90 दिवसांत 1 कोटी प्रेक्षणे लागतात. त्या उंबरठ्याच्या अलीकडे असलेल्यांच्या गाण्यांवरही 2021 पासून जाहिराती दाखवण्याचा हक्क कंपनीने जगभर घेतला आहे. वाटा मात्र उंबरठा ओलांडल्यावरच.

इथे गाण्याची मालकी म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार एका गाण्यात किमान चार हक्क नांदतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण ते करवून घेणाऱ्याचे आणि सादरीकरणाचा हक्क गायक-वादकांचा. पहिले दोन निर्मात्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतात, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर 60 वर्षे आणि गायकाचा 50 वर्षे. तुकोबांचे शब्द साऱ्या महाराष्ट्राचे. पण 2011 मध्ये निवर्तलेल्या श्रीनिवास खळे यांनी एखाद्या अभंगाला दिलेली चाल 2071 च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. घरच्या मैफलीत ती गाणे वेगळे आणि जगापुढे मांडणे वेगळे.

उलटही घडते. ‘मानापमान’ नाटक 1911 चे. खाडिलकर 1948 मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 मध्ये. त्यातली पदे आज सर्वांसाठी मोकळी आहेत. एखाद्या मुलीने घरच्या पेटी-तबल्यावर त्यातले पद गाऊन टाकले, तर कुणाची हरकत नसावी. पण यूट्यूबवर 2007 पासून एक यंत्रणा पहारा देते. बड्या कंपन्यांनी तिच्याकडे नोंदवलेल्या ध्वनिमुद्रणांशी ती प्रत्येक नवे गाणे ताडून पाहते. सूर जुळले की दावा लागतो आणि जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे वळू शकतात. हरकत घेता येते, पण तिचा पहिला निवाडा खुद्द दावेदारच करतो, आणि त्यासाठी त्याला 30 दिवस मिळतात. पुढे भांडण वाढवावे तर खात्यावर ठपका बसण्याची धास्ती. 90 दिवसांत तीन ठपके म्हणजे खाते बंद होण्याची वेळ. धनादेश वटवायला आणणाऱ्यानेच सही खरी की खोटी ते ठरवावे, असा कारभार कुठल्या बँकेत खपला असता?

सगळ्यात मोठा घाव मात्र संकेतस्थळ घालत नाही. तो आधीच, कुठल्या तरी ‘म्युझिक कंपनी’च्या कागदावर झालेला असतो. ‘तुमचे गाणे आम्ही आमच्या चॅनेलवर टाकतो’ म्हणत पुढे केलेल्या करारात सर्व हक्क, सर्व माध्यमे, साऱ्या जगात, कायमचे, असे लिहिलेले असते. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांचे हक्क निर्मात्यांच्या पारड्यात टाकले, तेव्हाच न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकांच्या वाट्याला काही येत नाही याकडे संसदेचे लक्ष वेधले होते. गायक-वादकांचा हक्क कायद्यात यायला 1994 उजाडले. पुढे 2012 च्या दुरुस्तीने, जिचा राज्यसभेत जावेद अख्तर यांनी हिरिरीने पुरस्कार केला, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क असा बांधून टाकला की सही करूनही तो सोडता येत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत, असेही कायदा म्हणतो. पण ‘कायमचे’ आणि ‘साऱ्या जगात’ हे शब्द छापलेले असले की या ढालीचा उपयोग उरत नाही. म्हणून त्या दोन शब्दांपाशी पेन थांबले पाहिजे.

मग करायचे काय? गाणी टाकूच नयेत, असा सल्ला कुणी देऊ नये. गाणे लोकांपर्यंत गेलेच पाहिजे. पण शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाजवले कुणी, हे आधी साध्या कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. गीतकार-संगीतकारांनी 1969 पासून चालत आलेल्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हावे. आपले गाणे दुसऱ्याने टाकले असेल तर संकेतस्थळाकडे लेखी तक्रार करावी. नियमाप्रमाणे 36 तासांत त्यावर कारवाई अपेक्षित आहे, मात्र 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणावा लागतो. आणि मूळ ध्वनिमुद्रण घरीच जपावे. ज्या मायस्पेसने बिली ब्रॅग यांचे ऐकले, त्याच मायस्पेसने 2019 मध्ये कबूल केले की संगणक बदलताना 2003 ते 2015 या काळात चढवलेला साठा नष्ट झाला. सुमारे 5 कोटी गाणी गेल्याचे तेव्हा सांगितले गेले. परवान्यात जपणुकीची हमी नसते.

एवढे झाले तरी सारा भार एकट्या कलावंतावर टाकणे न्याय्य नाही. बँकांना रिझर्व्ह बँकेने एक चांगली शिस्त लावली आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ कर्जाचे महत्त्वाचे तपशील, म्हणजे व्याज, आकार, तक्रार कुठे करायची, हे सारे ठरलेल्या नमुन्यात आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागतात. हीच पद्धत गाण्याला का लागू नसावी? काय देता, किती काळासाठी, पैसे कुणाला, गाणे काढून घेतल्यावर काय, तक्रार कुठे, या पाच प्रश्नांची उत्तरे एका पानावर, सोप्या मराठीत, ‘मान्य आहे’च्या चौकटीआधी आली पाहिजेत. संकेतस्थळालाही आणि म्युझिक कंपनीलाही. चार लाखांचे कर्ज घेणाऱ्याला जे संरक्षण आहे, ते आयुष्यभराची साधना ठेव म्हणून ठेवणाऱ्याला नसावे, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.