ओढ्याला हवेत अभ्यासक

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले. दरडी आणि पूर यांवर पुष्कळ बोलले गेले. डोंगर आणि नदी यांना जोडणारे जंगलातले ओढे-वहाळ मात्र दुर्लक्षितच राहिले.

इथल्या तीव्र उतारांवर झाडी विरळ झाली, की पाणी मुरण्याऐवजी धावते. ओढा आधी तळ खरवडतो, मग काठ ढासळवतो आणि सुटलेला गाळ सावित्रीच्या पात्रात नेऊन टाकतो. उपाय ठाऊक आहेत: अनगड दगडांचे बांध, जाळीबंद गॅबियन बंधारे, काठावर बांबू आणि वाळा. पण बांध कुठे, किती उंच, किती अंतरावर, हे मोजल्याशिवाय ठरत नाही. चुकीच्या जागचा बांध प्रवाह वळवून काठच कापतो.

हे मोजमाप पदव्युत्तर विद्यार्थी करू शकतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात मृद व जलसंधारण अभियांत्रिकी शिकवली जाते. लोणेरेचे तंत्रशास्त्र विद्यापीठ महाडच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात जेमतेम दोन पावसाळे मिळतात. म्हणून एकाच ओढ्यावर विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी सलग दहा वर्षे नोंदी ठेवायला हव्यात. त्यासाठी वन विभागाने वाट मोकळी करावी, विद्यापीठांनी निधी द्यावा आणि प्रत्येक प्रबंधाचा मराठी सारांश त्या गावच्या ग्रामसभेत वाचला जावा.