'हो जाएगा' म्हणजे दर नव्हे

भिलाईच्या वैशाली नगरात पावसाळ्याआधी फिरून बघा. दर दोन-चार घरांआड वाळूचा ढीग, विटांची थप्पी, रस्त्यातच कालवलेला मसाला. कुणी वर मजला चढवतो आहे, कुणी जुने बाथरूम तोडतो आहे, कुणाची गच्ची गळते आहे. प्रत्येक घरात लाखांचा व्यवहार चालू आहे आणि तो उभा आहे एका चिठोऱ्यावर. या चिठोऱ्याची मला चीड आहे.

गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि बाथरूमची दुरुस्ती करायची म्हणून मी इथल्या ठेकेदारांकडून कोटेशन मागवले. एकाने हार्डवेअरच्या दुकानातल्या बिलाच्या पाठीवर दोन ओळी खरडून दिल्या. 'बाथरूम पूरा' आणि पुढे आकडा. 'छत' आणि पुढे आकडा. सही नाही, तारीख नाही. 'पूरा' यात जुन्या टाइल्स उखडणे आले का? मलबा कोण उचलणार? पाइप कोणता, टाइल भिंतीवर किती उंचीपर्यंत, टाइलचा माल कुणाचा? प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, 'हो जाएगा साहब, आप टेंशन मत लो.' दुसऱ्या एकाने तर गच्चीवर पायच ठेवला नाही. गेटपाशी मोटारसायकल चालू ठेवून मान वर करून पाहिले आणि विचारले, 'दूसरे ने कितना बोला?' मी सांगितले नाही, तर चिडला. त्याला माझ्या गच्चीचे माप नको होते, दुसऱ्याचा आकडा हवा होता.

याला कोटेशन म्हणत नाहीत. ही माणसाला अडकवायची पद्धत आहे. आधी कमी आकडा सांगून काम धरायचे, बाथरूम फोडून ठेवायचे आणि मग एकेक 'एक्स्ट्रा' काढत जायचे. घरातली माणसे शेजाऱ्यांकडे आंघोळीला जायला लागली की मालक कोणताही आकडा कबूल करतो, हे ठेकेदाराला पक्के ठाऊक असते.

माझा जास्त राग मात्र आपल्याच लोकांवर आहे. या वस्तीत भिलाई स्टील प्लांटमधून निवृत्त झालेली कितीतरी कुटुंबे आहेत, त्यांत मराठीही पुष्कळ. त्या कारखान्यात निविदा, मोजमाप वही, दरांचा तुलनात्मक तक्ता यांशिवाय काम हलत नाही. तिथे या कागदांवर उभी हयात सह्या करणारा माणूस घरी येऊन भविष्यनिर्वाह निधीचे पैसे तोंडी बोलीवर देऊन टाकतो. एक कारण मला दिसते. प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये नळ गळला की नगर सेवा विभागाकडे तक्रार नोंदवायची, माणूस येणार. ठेकेदाराशी घासाघीस करायची वेळच आली नाही. पण हे कारण झाले, सबब नव्हे. ज्याने कंपनीचा पैसा जपला त्याला स्वतःचा जपता येत नाही, हे मला पटत नाही.

मापाचेच घ्या. प्लॅस्टर किंवा रंग फुटावर ठरतो आणि सारी लूट त्या फुटात होते. 12 बाय 10 ची खोली, उंची 10 फूट, म्हणजे चार भिंती मिळून 440 चौरस फूट. त्यातले दार 21 चौरस फूट, 4 बाय 4 ची खिडकी 16 चौरस फूट. ठेकेदार सरसकट 440 धरतो आणि वर 'यहाँ ऐसा ही चलता है' म्हणतो. चालत असेल, पण नियम तसा नाही. मोजमापाचे भारतीय मानक आहे, आयएस 1200. प्लॅस्टरमध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करायची नाही, अर्ध्या ते तीन चौरस मीटरची भिंतीच्या एका बाजूने वजा करायची, त्याहून मोठी दोन्ही बाजूंनी. यात ठेकेदाराचाही विचार केला आहे, कारण दाराखिडकीच्या कडांचे काम त्याला करावेच लागते. मग एवढा न्याय्य नियम कोटेशनवर एका ओळीत लिहायला कुणाचा हात का धजत नाही? सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची तर कुणालाही पाहता येते. ती उघडून बसलेल्या गिऱ्हाईकाशी ठेकेदार वेगळ्या आवाजात बोलतो.

जीएसटीचा प्रकार त्याहून वाईट. 'जीएसटी अलग से' म्हणायचे आणि बिल मागितले की 'बिना बिल के कर देता हूँ'. ज्याची नोंदणी नाही त्याला हा कर घेण्याचा अधिकारच नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. मालासकट फुटाचा दर सांगणाऱ्यांपैकी माझ्या पाहण्यातल्या एकानेही तो उतरवला नाही.

आता गिऱ्हाईकांचे पाप. एखादा ठेकेदार टेप घेऊन येतो, गच्चीचा उतार बघतो, बाबवार दर लिहून देतो. आपण तो कागद घेतो आणि दुसऱ्याला दाखवून विचारतो, 'इससे कितना कम करोगे?' ही सरळ सरळ चोरी आहे. त्याची मेहनत वापरून त्यालाच हाकलायचे. असे दोनदा झाले की तो लिहून देणे बंद करतो, आणि मग चिठोरेवालेच उरतात. शिवाय स्वस्तात घेतलेल्या कामाची किंमत कुठून निघते, तेही पाहा. सकाळी मजुरांच्या चावडीवर उभ्या असलेल्या रेजाच्या, म्हणजे मजूर बाईच्या, मजुरीतून निघते आणि पाणी मारण्यातून निघते. इथे स्लॅग सिमेंट सर्रास वापरतात. अशा सिमेंटच्या काँक्रीटला किमान 10 दिवस पाणी द्यावे, ते 14 पर्यंत वाढवावे, असे आयएस 456 सांगते. भिलाईच्या मे महिन्यात स्लॅब तिसऱ्या दिवशी कोरडा पडलेला मी पाहिला आहे, कारण पाणी मारणाऱ्या माणसाची हजेरी त्या दरात बसत नव्हती.

तेव्हा सगळ्यांना एकच यादी द्या, एकाच मापाची, एकाच मालाची, म्हणजे दर ताडून पाहता येतील. मोजून बाबवार लिहून देणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या, काम त्याला दिले नाही तरी. टाइल लावण्याआधी पाइपला दाब देऊन तपासणे आणि वॉटरप्रूफिंगनंतर गच्चीत 48 तास पाणी तुंबवून ठेवणे या अटी कागदावर घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि सरकारी कामात अनामत कापतात तशी थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. 'लिहून घेणे म्हणजे अविश्वास' असे म्हणणारा ठेकेदार असेल तर त्याला गेटातूनच परत पाठवा. प्रामाणिक ठेकेदाराला लेखी करार स्वतःच्या उधारीसाठीही हवाच असतो.

तोंडी करारही कायद्याने करारच आहे, पण तो सिद्ध करताना जीव जातो. घरबांधणी ही 1993 पासून ग्राहक कायद्यात सेवा मानली जाते. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या कामाच्या तक्रारीला दुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. तिथे पहिल्यांदा मागतील ते सही केलेले कोटेशन. काम सुरू व्हायच्या आधी ते घ्या.