जाकीट की दुपट्टा?

मेटल संगीत म्हटले की आमच्या मित्रमंडळींना आधी चामडी जाकीट आठवते, गाणे मागाहून. १९७०च्या दशकाच्या अखेरीस हा वेश रूढ केला तो 'जुडास प्रीस्ट' या वाद्यवृंदाने. पण ती मंडळी बर्मिंगहॅमची. तिथल्या थंडीत चामडे शोभते हो!

१७ मे २०२५ रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या उघड्या मैदानावर 'गन्स अँड रोझेस'चा कार्यक्रम झाला. (हे मेटल की नुसते रॉक, हा वाद कँटीनमध्ये घालावा.) मूर्तिजापूरहून रेल्वेने आम्ही तिघे गेलो. एकाने जाकीट उसने आणले होते. मी सैल, सुती टी-शर्ट, बंद बूट (त्या रेटारेटीत चपला घालणाऱ्याने बोटांची आशा सोडावी) आणि खांद्यावर बाबांचा दुपट्टा.

"काका, बाजार तिकडे आहे," रांगेतला एक पोरगा म्हणाला. खोटे कशाला सांगू, मी दुपट्टा पिशवीत कोंबला. ज्या वऱ्हाडचा कापूस विलायतेला नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत कारंज्यावरून छोटी रेल्वे टाकली गेली, तिथल्या पोराने सुती कापडाची लाज बाळगावी!

कारंज्याचे ऊन कडक पण कोरडे. घाम येतो नि वाळतो. मुंबईच्या दमट हवेत तो वाळतच नाही, त्यात वरून चामडे. जाकीटवाल्याला घेरी आली. जाकीट उतरवून त्याला कडेला बसवले, दुपट्टा भिजवून मानेवर ठेवला, तेव्हा कुठे तो भानावर आला.

परतीच्या गाडीत जाकीट बाकाखाली होते आणि दुपट्टा त्याच्या गळ्यात. मी मागितला नाही.