मुक्ताबाईंचा निबंध रडका नाही

मुक्ता साळवे म्हटले की आपण 'जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मातंग मुलगी' म्हणतो आणि गहिवरतो. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. त्याची हिंदी-इंग्रजी भाषांतरे माझ्याकडे तपासायला येतात, ती बहुतेक हुंदक्यांनी भिजलेली. मूळ मजकूर तसा नाहीच; तो वाद घालतो. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमच्यापाशी धर्मग्रंथ नाही, ग्रंथ नाही तर धर्मही नाही. मग आमचा धर्म कोणता, असे ती थेट देवालाच विचारते. बाळंतीण मांगबाईच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते हे सांगते, तेही पुरावा म्हणून. दया मागायला नव्हे.

'शिक्षणाने आत्मविश्वास येतो' हे वाक्य म्हणूनच मला फार गुळगुळीत वाटते. (सरकारी भिंतींवर शोभते.) शाळेत जेमतेम काही वर्षे काढलेल्या या मुलीला जर-तरची वाक्यरचना हाताशी आली आणि तिने ती धर्मशास्त्रावरच चालवली. तिचा मान त्या 'तर'मध्ये आहे. भाषांतरात नेमका तोच गळतो. शिवाय शीर्षकाखाली तिचे वय छापणे आता पुरे. शास्त्रीबुवांच्या लेखाखाली कोणी छापत नाही.