सदाफुलीची बाजू

फुलांच्या जगातही मानपान असतो. गुलाबाला कुंडी, मोगऱ्याला आळे, शेवंतीला सणाचा मुहूर्त, आणि सदाफुलीला? तिला मोरीजवळची, कुणाला नको असलेली जागा! बारा महिने फुलते, हाच तिचा अपराध. जे रोज मिळते त्याचे कौतुक करायचे नाही, असा आपला रिवाजच आहे.

नाव तरी पाहा. ‘सदा’ हे संस्कृत अव्यय आणि ‘फुली’ ही घरगुती मराठी. पण दोघी गुण्यागोविंदाने नांदतात. बंगाल्यांनी तिला ‘नयनतारा’ म्हटले, तमिळांनी ‘नित्यकल्याणी’. मूळची ती मादागास्कर बेटावरची. पण आता तिला परकी कोण म्हणेल?

आमच्या भागात उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवसांआड पाणी येते. गेल्या वैशाखात आमच्या गल्लीतल्या एका बंगल्याच्या हिरवळीवर टँकरचे पाणी सोडलेले होते. फाटकाबाहेर, आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “सर, गवताला आधी तहान लागती व्हय?”

घागर आमच्या हौदावर भरून दिली. प्रश्नाचे उत्तर मात्र एम.ए.च्या कोणत्याच पेपरात नव्हते. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे: बाग करावी ती आपल्या गावच्या पाण्याच्या ऐपतीप्रमाणे. म्हणून सदाफुलीची ही वकिली.

पाऊस संपता संपता जुन्या झाडाखाली तिची रोपे आपोआप उगवलेली असतात. चार-सहा पानांचे रोप मुळाच्या मातीसकट उचलावे आणि भरपूर उन्हाच्या जागी फूटभर अंतराने लावावे. आमची काळी माती पाणी धरून ठेवते. तीत वाळू किंवा मुरूम मिसळावा. सदाफुलीला तहान सोसते, पण पायाशी साचलेले पाणी सोसत नाही, मूळ कुजते. पहिले दोन-तीन आठवडे बेताने पाणी द्यावे, नंतर वरची माती सुकल्यावरच. शेंडे खुडले की झाड डेरेदार होते. कडू चिकामुळे शेळ्याही सहसा तोंड लावीत नाहीत.

या मोरीजवळच्या झाडाची खरी थोरवी कळली ती कॅनडात. याच्या पानांनी मधुमेह हटतो, या समजुतीची शहानिशा रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर करीत होते. उंदरांच्या रक्तातली साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी भराभर घटल्या! त्यातूनच १९५८ च्या सुमारास ‘व्हिनब्लास्टिन’ हे कर्करोगावरचे औषध हाती आले. मागोमाग याच झाडातून ‘व्हिनक्रिस्टिन’ मिळाले; मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात. मात्र हे ऐकून कुणी उपाशीपोटी पाने चघळू नयेत. झाड विषारी आहे. त्याचे औषध करणे डॉक्टरांवर सोपवावे.

आपण फक्त रोप लावावे, तेही दर्शनी अंगणात. पुढच्या पावसानंतर त्याच्याखाली रोपांची गर्दी होईल. त्यातली चार शेजारी द्या. हिरवळवाल्या बंगल्यात दोन अवश्य द्या!