पाणी वाटताना

मैत्रिणींनो, उन्हाळा आला की आमच्या इमारतीत पाण्यावरून धुसफूस ठरलेली. टाकी एक, बिऱ्हाडं सहा! गेल्या वर्षी तर खालच्या मजल्यावरच्या वहिनी आणि मी महिनाभर बोलत नव्हतो. त्या रोज ढीगभर कपडे धुतात, आमचा नळ कोरडा, हे माझं गाऱ्हाणं.

त्याच दिवसांत शाळेत कृष्णा नदीचा धडा आला. तयारी करताना न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्याविषयी वाचलं आणि ओशाळायलाच झालं बाई.

कृष्णा आपल्या महाबळेश्वरची. पण पुढे कर्नाटक, तेलंगण, आंध्रातून समुद्राला मिळते. बच्छावत १९६४ पासून सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. १९६९ साली कृष्णा आणि गोदावरी, दोन्ही नद्यांच्या पाणीतंटा लवादाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. त्यांनी आधी पाणी मोजलं. चार वर्षांपैकी तीन वर्षं हमखास मिळेल तेवढंच वाटायला धरलं, २,०६० टीएमसी. १९७३ च्या निवाड्यात महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८००. सप्टेंबर १९६० पूर्वीपासून चालू असलेल्या वापराला अग्रक्रम दिला. आणि गंमत पाहा, घरगुती वापरासाठी उचललेल्या पाण्यापैकी वीस टक्केच खर्ची धरायचं ठरवलं, कारण आपलं बरंचसं सांडपाणी फिरून नदीकडेच जातं!

गोदावरीच्या बाबतीत तर राज्यांनीच आपसात बसून करार केले. लवादाने १९८० च्या निवाड्यात ते सामावून घेतले. सगळे कायमचे समाधानी झाले असं नव्हे. कृष्णेसाठी २००४ साली नवा लवाद नेमावा लागला. पण अकरा वर्षं एका माणसाने सगळ्यांचं ऐकून घेतलं, मांडून ठेवलं, हे काय थोडं झालं?

मग मीच वही घेऊन वहिनींच्या दारात गेले. म्हटलं, "चला, टाकीत किती येतं आणि कुणाला किती लागतं, ते लिहून काढू." आत त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. चादरी रोज धुवाव्या लागत होत्या. एका जिन्याचं अंतर, आणि मला पत्ता नाही!

तुमच्याकडेही असं असेल, तर आधी मोजा, विचारा, कमी पाण्याच्या दिवसाचा हिशेब धरून वाटा आणि ठरलेलं जिन्यापाशी लावा. आमच्या कागदावर पहिली ओळ आहे: आजींच्या दोन बादल्या.